एका अनुवादकाच्या नावाचा पुरस्कार : लंडन आणि बुखारेस्टमधील टिपणे

लंडन, मंगळवार

कवितेच्या अनुवादासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक पुरस्कारांना एखाद्या कवीचे, देणगीदाराचे किंवा संस्थेचे नाव असते. ब्रिटनमधील पोएट्री सोसायटीच्या 'कॉर्नेलिऊ एम. पोपेस्कू पुरस्कारा'ला मात्र एका अनुवादकाचे नाव होते. हा अनुवादक म्हणजे वयाची विशी ओलांडण्याआधीच भूकंपात गेलेला, रोमानियाची राजधानी बुखारेस्टचा एक मुलगा. हा पुरस्कार कसा सुरू झाला, कोणत्या नियमांवर चालला, कोणाच्या आधाराने टिकला आणि कोणत्या तऱ्हेच्या अनुवादाला त्याने मान दिला, हे समजून घेण्यासाठी हा प्रवास आखला आहे. आधी लंडन, कारण पुरस्कार इथला. मग बुखारेस्ट, कारण नाव तिथले.

सुरुवात राष्ट्रीय कविता ग्रंथालयापासून केली. १९५३ साली आर्ट्स कौन्सिलने हे ग्रंथालय उघडले, तेव्हा उद्घाटनाला टी. एस. एलियट आणि हर्बर्ट रीड उपस्थित होते. १९८८ पासून ते थेम्सच्या दक्षिण काठावरील रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या पाचव्या मजल्यावर आहे. जागा फार मोठी नाही. पुस्तकांची कपाटे एकमेकांना खेटून उभी असतात आणि हवी ती रांग मोकळी करण्यासाठी ती रुळांवरून सरकवावी लागतात. केवळ कवितेसाठी वाहिलेल्या अशा ठिकाणी बसले की पुरस्कारविजेते पुस्तक सुटे दिसत नाही, त्याच्या आजूबाजूला त्या काळी प्रसिद्ध झालेली इतर पुस्तकेही उभी असतात. पुरस्काराचा इतिहास लिहिणाऱ्याला हे फार उपयोगाचे आहे, कारण निवड म्हणजे नेमके काय हे तेव्हाच कळते.

१९८३ साली हा पुरस्कार 'युरोपीय कविता अनुवाद पुरस्कार' या नावाने सुरू झाला आणि पहिला मान टोनी हॅरिसन यांना एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीच्या इंग्रजी रूपासाठी मिळाला. अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक नाटके आणि तीही रंगभूमीसाठी केलेली, अशी ही पहिली निवड पाहून थोडा वेळ थबकलो. हे भाषांतर १९८१ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले होते. सर्व भूमिका पुरुषांनी मुखवटे घालून केल्या होत्या आणि संगीत हॅरिसन बर्टविसल यांचे होते. अनुवादक टोनी हॅरिसन यांनी ग्रीक वृत्ताची नक्कल केली नाही. त्यांनी जुन्या अँग्लो-सॅक्सन कवितेतील अनुप्रासाचा आधार घेतला, शब्दांना शब्द जोडून नवे जड सामासिक शब्द घडवले आणि मुखवट्याआडूनही ऐकू जाईल अशी खणखणीत ओळ तयार केली. पुरस्काराचा पहिलाच धडा यात आहे असे मला वाटते. अनुवादित कविता कानाने ऐकायची असते आणि तिची निष्ठा केवळ शब्दकोशाशी नसते, हे पहिल्याच वर्षी मान्य झाले होते.

ग्रंथालय बंद व्हायच्या सुमारास बाहेर पडून हेवर्ड गॅलरीवरून, वॉटर्लू पुलाखालून नॅशनल थिएटरपर्यंत चालत गेलो. ज्या मंचावर त्या ओळी उच्चारल्या गेल्या आणि ज्या ग्रंथालयात त्या आता वाचायला मिळतात, त्यांत काही मिनिटांचेच अंतर आहे.

लंडन, बुधवार

दिवस पुन्हा त्याच ग्रंथालयात आणि सकाळचा काही वेळ ब्रिटिश लायब्ररीत गेला. तिथल्या वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. बॅग कपाटात ठेवून वही आणि पेन्सिल पारदर्शक पिशवीतून आत न्यावी लागते.

मुख्य काम यादीचे होते. २००३ साली पुरस्कार पोपेस्कूच्या नावाने नव्याने सुरू झाला आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी दिला गेला. २००३ मध्ये तो डेव्हिड कॉन्स्टंटाइन यांना हान्स माग्नुस एन्त्सेन्सबर्गर यांच्या जर्मन कवितांसाठी मिळाला. कॉन्स्टंटाइन हे स्वतः कवी, आणि टेड ह्यूज व डॅनियल वाइसबोर्ट यांनी १९६५ साली सुरू केलेल्या 'मॉडर्न पोएट्री इन ट्रान्स्लेशन' या नियतकालिकाचे पुढे काही वर्षे संपादक. २००५ मध्ये अॅडम सॉर्किन आणि लिडिया व्हियानू यांना रोमानियन कवी मारिन सोरेस्कूच्या अखेरच्या कवितांसाठी, २००७ मध्ये इल्मार लेहतपेरे यांना एस्टोनियाच्या क्रिस्तीना एहिन यांच्या कवितांसाठी, २००९ मध्ये रँडल काउच यांना गॅब्रिएला मिस्त्राल यांच्या कवितांसाठी, २०११ मध्ये ज्युडिथ विल्किन्सन यांना डच कवी टून टेलेगेन यांच्या कवितांसाठी पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये तो इयन गॅलब्रेथ यांना यान वाग्नर या जर्मन कवीच्या निवडक कवितांसाठी मिळाला आणि यादी तिथे थांबते.

या यादीत सर्वाधिक वेळ मिस्त्राल यांच्या नावाने घेतला. पुरस्कार युरोपीय कवितेच्या अनुवादाचा आणि मिस्त्राल तर चिलीच्या; १९४५ साली नोबेल मिळवणाऱ्या लॅटिन अमेरिकेतील पहिल्या साहित्यिक. मग त्यांचे पुस्तक इथे कसे? उत्तर नियमात आहे. मूळ कविता युरोपीय भाषेत असावी एवढीच अट होती, कवी युरोपातला असावा अशी नव्हती. स्पॅनिश ही युरोपीय भाषा असल्यामुळे अँडीज पर्वताच्या पायथ्याशी वाढलेल्या शिक्षिकेच्या कविताही पात्र ठरल्या. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात हा विस्तार आधीपासून होता की नाही, हा मुद्दा मला गौण वाटतो. देशाऐवजी भाषेला प्रमाण मानल्यामुळे पुरस्काराची कक्षा नकाशाबाहेर गेली, आणि या पुरस्काराने घेतलेला सर्वांत उदार निर्णय मला हाच वाटतो.

तरीही या नियमाची दुसरी बाजू लपत नाही. मराठी, बंगाली, तमिळ, अरबी किंवा चिनी कवितेचा कितीही उत्तम इंग्रजी अनुवाद झाला तरी तो या दारातून आत येऊ शकत नव्हता. त्यासाठी वेगळे पुरस्कार आहेत. अमेरिकेतील साहित्य अनुवादकांच्या संघटनेचा आशियाई भाषांसाठीचा ल्युसियन स्ट्राइक पुरस्कार त्यांपैकी एक. लंडनमध्येच २००४ साली सुरू झालेला स्टीफन स्पेंडर पुरस्कार जगातील कोणत्याही भाषेतील एका कवितेचा अनुवाद स्वीकारतो, त्यात शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र गट आहेत आणि अनुवादकाने आपल्या निर्णयांविषयी थोडक्यात निवेदन जोडणे बंधनकारक आहे. ही निवेदनाची अट मला फार आवडते, कारण तीत अनुवादक आपले हिशेब उघड मांडतो. पोपेस्कू पुरस्कारात मात्र संपूर्ण पुस्तकाचा विचार होई. एका कवितेत साधलेली किमया सत्तर-ऐंशी कवितांत टिकते का, याची परीक्षा पुस्तकातच होते, म्हणून दोन्ही पद्धती हव्यात.

लंडन, गुरुवार

सकाळी अर्ल्स कोर्ट स्क्वेअर. १९०९ मध्ये स्थापन झालेली पोएट्री सोसायटी अनेक दशके या चौकातल्या एका घरात होती आणि १९८३ चा पुरस्कार सुरू झाला तेव्हा संस्थेचा पत्ता हाच होता. नव्वदच्या दशकात ती कॉव्हेंट गार्डनजवळच्या बेटर्टन स्ट्रीटवर गेली. तिथे तळमजल्यावर पोएट्री कॅफे आहे. दुपारी तिथल्या एका टेबलावर बसून कालची यादी नीट उतरवून काढली. आजूबाजूला तरुण मंडळी वहीत काही खरडत होती, एकमेकांना हळू आवाजात वाचून दाखवत होती.

१९८३ या वर्षाबद्दल आणखी एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण पुरस्काराला ज्याचे नाव दिले गेले त्याच्या देशाशी तिचा संबंध आहे. लंडनमध्ये युरोपीय कवितेच्या अनुवादाला पुरस्कार देण्यास सुरुवात झाली, त्याच वर्षी मार्च महिन्यात रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने एक हुकूम काढून प्रत्येक टाइपरायटरची पोलिसांकडे नोंद करणे सक्तीचे केले. यंत्राच्या अक्षरांचा नमुना जमा करावा लागे, म्हणजे एखादे निनावी पत्रक सापडलेच तर ते कोणाच्या यंत्रावर टंकले हे शोधता यावे. रोमानियन कविता इंग्रजीत आणू पाहणाऱ्या माणसाच्या टेबलावर काय असे, हे समजायला हा हुकूम लक्षात ठेवावा लागतो.

२००३ नंतरच्या पुरस्कारामागे रात्स्यू कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचे आर्थिक पाठबळ होते. इऑन रात्स्यू १९४० मध्ये राजनैतिक अधिकारी म्हणून लंडनला आले, मायदेशाने नाझी जर्मनीची बाजू घेतल्यावर त्यांनी ब्रिटनमध्ये आश्रय घेतला आणि पुढची पाच दशके निर्वासित म्हणून काढली. १९७९ मध्ये त्यांनी पत्नीसह हे प्रतिष्ठान स्थापले. १९९० मध्ये ते परत गेले, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. २००० साली त्यांचे निधन झाले. म्हणजे पोपेस्कूच्या नावाचा पुरस्कार ज्यांच्या पैशावर चालला, त्यांचा स्वतःचा बहुतेक प्रौढ काळ परक्या भाषेत गेलेला होता. पुरस्काराची रक्कम मोठी नव्हती. २०११ साली ती १५०० पौंड होती. एवढ्या पैशात कोणी अनुवादक पोट भरू शकत नाही, पण दोन वर्षांत अनुवादित कवितेचे एक पुस्तक तरी चर्चेत यावे, परीक्षकांनी ते मुळापासून वाचावे आणि अनुवादकाचे नाव जाहीरपणे घेतले जावे, एवढे काम त्यातून होत होते.

संध्याकाळी बेलग्रेव्ह स्क्वेअरमधील रोमानियन सांस्कृतिक केंद्रापर्यंत गेलो. दरवाजे बंद झाले होते, त्यामुळे बाहेरूनच परतलो.

बुखारेस्ट, शुक्रवार

दिवस प्रवासात गेला. विमानात मारिन सोरेस्कूच्या त्या अखेरच्या कविता वाचल्या. यकृताचा विकार जडलेल्या सोरेस्कूचा १९९६ च्या डिसेंबरात मृत्यू झाला. त्याआधीच्या काही आठवड्यांत, हातात पेन धरण्याचीही शक्ती उरली नसताना, त्याने कविता पत्नीला तोंडी सांगून लिहवून घेतल्या. ओळी छोट्या आहेत, उपमा जवळजवळ नाहीत. अमेरिकेतला एक प्राध्यापक आणि बुखारेस्ट विद्यापीठातील एक प्राध्यापिका अशा दोघांनी मिळून तो अनुवाद केला. इंग्रजी ज्याची मातृभाषा आणि रोमानियन जिची मातृभाषा अशी जोडी असल्याचा लाभ प्रत्येक पानावर दिसतो. पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला, हेही योग्यच झाले. अनुवाद हे एकट्याचेच काम असते, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे.

बुखारेस्ट, शनिवार

सकाळी मागेरू बुलेव्हार्डवरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना १९३० च्या दशकातील सहा-सात मजली आणि त्याहून उंच इमारती आहेत. गोलाकार कोपरे, लांब सज्जे, खाली दुकाने. काही दारांशेजारी भिंतीवर लाल रंगाची वाटोळी पाटी लावलेली दिसते. ही पाटी म्हणजे मोठा भूकंप झाल्यास इमारत कोसळण्याचा धोका सर्वाधिक असल्याची अधिकृत खूण. त्या पाटीच्या खालून लोक पिशव्या घेऊन आत-बाहेर करत होते, वर कोणाच्या तरी सज्जात कपडे वाळत होते.

४ मार्च १९७७ रोजी रात्री ९ वाजून २२ मिनिटांनी व्रांचा प्रदेशात जमिनीखाली सुमारे ९० किलोमीटर खोलीवर धरणीकंप झाला. केंद्र बुखारेस्टपासून बरेच दूर होते, परंतु एवढ्या खोलीवरून येणारे लांब लयीचे हादरे शहराखालच्या मऊ मातीच्या थरांतून वर येताना उंच इमारतींना अधिक झोडपतात. शिवाय त्या इमारती १९४० च्या नोव्हेंबरातील भूकंपाने आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या. राजधानीत तिसाहून अधिक मोठ्या इमारती कोसळल्या. देशभरात पंधराशेहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील बहुतेक बुखारेस्टमधली होती. मृतांत तोमा काराज्यू हा लोकप्रिय नट होता, कादंबरीकार अलेक्सांद्रू इवासियुक होता, आणि कवी ए. ई. बाकोन्स्की व कवयित्री व्हेरोनिका पोरुम्बाकू हेही होते. एका रात्रीत या शहराच्या साहित्यविश्वाचा एक मोठा तुकडा नाहीसा झाला.

त्याच रात्री कॉर्नेलिऊ पोपेस्कू आपल्या आईसह गेला. तोवर त्याने मिहाई एमिनेस्कूच्या कवितांचा मोठा संच इंग्रजीत उतरवलेला होता. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, हा अनुवाद बुखारेस्टमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. शाळकरी वयात एका मुलाने आपल्या भाषेतील सर्वांत मोठ्या कवीचे काम हाती घ्यावे, तेही ती भाषा न जाणणाऱ्या लोकांसाठी आणि बंदिस्त देशात बसून, याचे मोल मला आज त्या रस्त्यावर उभे राहून अधिक नीट कळले. त्याच्यासमोर इंग्रजी वाचक नव्हता. होता तो केवळ शब्दकोश, काही पुस्तके आणि कवितेची ओढ.

बुखारेस्ट, रविवार

बेल्लू दफनभूमी शहराच्या दक्षिणेला आहे. एमिनेस्कू १८५० मध्ये जन्मला आणि १५ जून १८८९ रोजी बुखारेस्टमध्ये वारला, तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. त्याची कबर साधी आहे. आपल्याला समुद्राकाठी मरण यावे असे त्याने एका प्रसिद्ध कवितेत म्हटले होते. ते काही घडले नाही. रविवार असल्याने कबरीपाशी ताजी फुले होती आणि एक आजी दोन नातवंडांना मोठ्याने त्याच्या ओळी म्हणून दाखवत होत्या. मुलांनीही पुढच्या ओळी पाठ म्हटल्या. अनुवादकाला ज्याच्याशी झुंजायचे असते ते हेच. मूळ कविता लोकांच्या तोंडी असते, तिची लय लहानपणापासून कानात बसलेली असते आणि अनुवादाला असा एकही कान आयता मिळत नाही.

परतताना रोमानियन अथेनेअमसमोरच्या बागेत गेओर्गे अंगेल यांनी घडवलेला एमिनेस्कूचा पुतळा पाहिला.

बुखारेस्ट, सोमवार

आजचा दिवस रोमानियन अकादमीच्या ग्रंथालयात घालवला. एमिनेस्कूची हस्तलिखिते टीकाकार टीटू मायोरेस्कू यांनी १९०२ साली अकादमीच्या स्वाधीन केली, सुमारे १४ हजार पाने. मूळ वह्या सहजी हाताळायला मिळत नाहीत आणि मिळूही नयेत, परंतु त्यांच्या छायाप्रतींचे खंड आता उपलब्ध आहेत. एका पानावर शाईच्या ओळीवर ओळ, त्यावर काट, समासात आडवी लिहिलेली पर्यायी कडवी आणि कोपऱ्यात कसला तरी पैशांचा हिशेब. एकेका ओळीची इतकी रूपे पाहिली की छापील रूपाला अंतिम मानण्याची सवय थोडी सैल होते.

मला इथे विशेष रस होता तो एमिनेस्कूच्या स्वतःच्या अनुवादकार्यात. व्हिएन्ना आणि बर्लिन येथे शिकत असताना त्याने जर्मन अभ्यासकांमार्फत भारतीय वाङ्मयाची ओळख करून घेतली. फ्रान्झ बॉप यांच्या संस्कृत व्याकरणाचा काही भाग रोमानियनमध्ये उतरवण्याचा त्याने प्रयत्न केला. त्याच्या 'पहिले पत्र' या कवितेतील विश्वोत्पत्तीचे वर्णन ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताशी नाते सांगते, आणि 'कामदेव' या नावाची त्याची एक कविताच आहे. पोपेस्कूने ज्याचा अनुवाद केला तो कवी स्वतः परक्या भाषांतून आपल्या भाषेत काही आणण्यासाठी धडपडणारा होता. नासदीय सूक्ताचे शब्द जर्मनमधून रोमानियनमध्ये आणि तिथून एका किशोराच्या हातून इंग्रजीत गेले, हा प्रवास मराठी वाचकाने ओळखीच्या ठिकाणापासून पाहावा असा आहे.

अमिता भोस यांचे नावही इथल्या सूचीत वारंवार भेटले. कलकत्त्याच्या या विदुषीने १९६९ मध्ये एमिनेस्कूच्या कविता थेट रोमानियनमधून बंगालीत आणल्या, सत्तरच्या दशकात त्या बुखारेस्टमध्ये स्थायिक झाल्या, विद्यापीठात बंगाली आणि संस्कृत शिकवू लागल्या आणि एमिनेस्कू व भारत यांच्या संबंधावर त्यांनी रोमानियनमध्ये ग्रंथ लिहिला. १९९२ साली त्यांचे इथेच निधन झाले. पोपेस्कू एमिनेस्कूला इंग्रजीत आणत होता, त्याच वर्षांत त्याच शहरात एक भारतीय बाई त्याच कवीवर काम करत होती. पुरस्काराच्या नियमानुसार बंगाली अनुवादाला तिथे स्थान नव्हते, परंतु अनुवादाच्या इतिहासात ही दोन कामे शेजारी ठेवूनच पाहायला हवीत.

बुखारेस्ट, मंगळवार

सकाळी मध्यवर्ती विद्यापीठ ग्रंथालय. १९८९ च्या डिसेंबरमधील उठावात या इमारतीला आग लागली आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके जळाली. नंतर ती पुन्हा उभी केली गेली. आतल्या शांत, नीटनेटक्या वाचनकक्षात बसून आज पोपेस्कूचे पुस्तक सलग वाचायचे ठरवले होते.

एमिनेस्कूची 'लुचाफरुल' ही कविता १८८३ साली व्हिएन्नात प्रथम प्रसिद्ध झाली. ९८ कडवी, प्रत्येकात चार ओळी. एक राजकन्या सांध्यताऱ्यावर भाळते, तो तिच्यासाठी मर्त्य व्हायला तयार होतो आणि विश्वकर्त्याकडे अमरत्व परत घेण्याची याचना करतो, तोवर ती एका साध्या सेवकाच्या प्रेमात पडलेली असते. कथा लोककथेसारखी आणि छंदही लोकगीताच्या जवळचा. पहिली आणि तिसरी ओळ आघात असलेल्या अक्षरावर थांबते, दुसरी आणि चौथी आघातानंतरच्या हलक्या अक्षरावर, आणि यमके एकाआड एक जुळतात. रोमानियनमध्ये हे सहज जमते, कारण तिथे हलक्या अक्षरावर संपणारे शब्द भरपूर आहेत. इंग्रजीत ते फार थोडे. पोपेस्कूने तरीही पहिल्याच कडव्यात नेमका तोच साचा राखला आहे: 'सिंग' आणि 'किंग' हे आघातावर संपणारे, 'लेडन' आणि 'मेडन' हे हलक्या अक्षरावर संपणारे. त्यासाठी त्याला किंमत मोजावी लागली. मुळात फक्त परीकथांचा उल्लेख आहे, त्याच्या इंग्रजीत गाणारे कवी अवतरतात. पण कडवे मोठ्याने वाचले की तोच झोका मिळतो, आणि मग ९८ कडवी हा मुलगा तो झोका कसा सांभाळतो हे पाहताना मन भरून येते. अभंग किंवा ओवी इंग्रजीत नेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या चरणातच हा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून मराठी वाचकाला यातला ताण समजावून सांगण्याची गरज नाही.

दुपारी इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षिकेची भेट ठरली होती. त्यांनी शाळेत अनेक वर्षे विद्यार्थ्यांना हे पुस्तक वाचून दाखवले होते. त्यांना मी बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारला: आज हेच पुस्तक या पुरस्कारासाठी आले असते, तर त्याला तो मिळाला असता का?

त्या लगेच म्हणाल्या, "नाही. त्याची इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे. परीक्षकांना ती जुनाट वाटली असती." थोडे थांबून त्यांनी जोड दिली, "पण माझ्या वर्गातल्या मुलांना एमिनेस्कू इंग्रजीत गाता येतो हे याच पुस्तकाने दाखवले."

यादीकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे वाटते. २००३ नंतर निवडलेली बहुतेक पुस्तके मुक्तछंदाच्या वळणाची आहेत. एन्त्सेन्सबर्गरची कोरडी बुद्धिनिष्ठ ओळ, सोरेस्कूचे मरणशय्येवरचे छोटे वाक्य, 'माझे वडील' या शब्दांनी उघडणाऱ्या टेलेगेनच्या कविता, यांत यमकाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी कवितेचाच कल बदलला आणि अनुवाद तपासणाऱ्यांचा कान त्याबरोबर बदलला. ज्या तरुणाने यमक आणि वृत्त न सोडण्याचा हट्ट धरला, त्याच्या नावाचा पुरस्कार वर्षानुवर्षे वेगळ्या पद्धतीच्या अनुवादांना मिळत राहिला, यात मला विसंगती दिसत नाही. पुरस्कार त्याच्या शैलीचे अनुकरण करण्यासाठी नव्हताच. त्याने ज्या गांभीर्याने काम केले त्याचा मान राखण्यासाठी तो होता.

तरी माझे मत शिक्षिकांपेक्षा थोडे वेगळे आहे. दोन परीक्षकांपैकी एकाने तरी हे पुस्तक शेवटच्या यादीपर्यंत आग्रहाने नेले असते असे मला वाटते, आणि त्याला आधार यादीच्या टोकाशीच आहे. २०१५ चा पुरस्कार ज्या यान वाग्नर यांच्या अनुवादाला मिळाला, ते सुनीत आणि सेस्टिनासारखे बांधीव रचनाबंध आवडीने हाताळणारे कवी आहेत. त्यांच्या जर्मन ओळींत पूर्ण यमकापेक्षा अर्धवट जुळणाऱ्या ध्वनींचे जाळे अधिक असते. गॅलब्रेथ यांनी ते जाळे सोडून दिले नाही, तसेच प्रत्येक टोकाला पूर्ण यमक बसवण्याचा अट्टहासही धरला नाही. त्यांनी इंग्रजी ओळीच्या आत आणि शेवटी दूरच्या ध्वनींची जुळवाजुळव केली. रचनेचा प्रश्न टाळून पुढे जाणाऱ्या अनुवादापेक्षा त्या प्रश्नाला भिडणारा अनुवाद परीक्षकांनी शेवटच्या वेळी निवडला, ही नोंद मी उद्या शिक्षिकांना लिहून पाठवणार आहे, सोबत वाग्नर यांच्या दोन कविता मूळ आणि अनुवादासह.